आधी पंचनामा, मग आवराआवर

चालता प्रोग्राम मध्येच चुकला की त्याच क्षणी त्याच्यापुढे दोन कामे येऊन ठाकतात. पहिले काम झाले ते टिपून ठेवण्याचे: कोणत्या ओळीवर चुकले आणि त्या ओळीपर्यंत कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावत आणले. दुसरे काम आवराआवरीचे: उघडलेल्या फायली बंद करायच्या, घेतलेली मेमरी परत द्यायची, लावलेली लॉक काढायची आणि ही चूक ज्याला सांभाळता येईल अशा फंक्शनच्या हाती कारभार सोपवायचा. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात, कारण आवराआवर करताना पुसल्या जाणाऱ्या नोंदी आणि वाट सांगणाऱ्या नोंदी एकच असतात. गारपिटीने पीक आडवे झाले तरी तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत विदर्भातला शेतकरी वावर साफ करत नाही. साफ केलेल्या वावरात नुकसान दाखवायला काही उरत नाही. प्रोग्रामिंग भाषांच्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासातून हाच क्रम पुन्हापुन्हा सिद्ध होत आला आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्यांनी आवराआवर आधी केली, त्यांना पुढे कधीतरी मागे वळून पुराव्याची सोय करावी लागली. म्हणून ट्रेसबॅक, म्हणजे चुकीपर्यंतच्या वाटेचा छापील हिशोब, ही चैनीची गोष्ट नाही. भाषेच्या रनटाइमचे, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचे, ते कर्तव्य आहे.

हा हिशोब ज्या स्टॅकवरून, म्हणजे एकावर एक रचलेल्या कॉलच्या नोंदींवरून, निघतो, तो संगणकाबरोबर आपोआप जन्मलेला नाही. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावले की काम संपल्यावर परत कुठे यायचे, हा पत्ता कुठेतरी ठेवावा लागतो. सुरुवातीच्या अनेक यंत्रांत तो बोलावलेल्या उपकार्यक्रमाच्याच एखाद्या ठरलेल्या जागेत लिहीत. जागा एकच असल्याने फंक्शनने स्वतःलाच बोलावले तर नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाई आणि परतीची वाट बंद होई. ॲलन ट्युरिंगने १९४५ अखेरच्या आपल्या एसीई संगणकाच्या आराखड्यात परतीचे पत्ते एकावर एक रचून ठेवण्याची युक्ती मांडली होती. जर्मनीत फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस झामेल्सन यांनी १९५७ साली स्टॅकच्या कल्पनेवर पेटंटसाठी अर्ज केला. ॲम्स्टरडॅममध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० साली, फंक्शन स्वतःला हव्या तितक्या वेळा बोलावू शकेल अशा तऱ्हेने स्टॅक कसा वापरायचा, हे एका निबंधात मांडले आणि याप झोनेव्हेल्ट यांच्यासह अल्गोल ६० चा कंपायलर त्याच वर्षी चालवून दाखवला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक रीतसर कामाला लागला तोही फेब्रुवारी १९६० मध्येच. म्हणजे भारतात पहिल्या पिढीचे प्रोग्रामर तयार होत होते, त्याच सुमारास जगात ‘परत कुठे जायचे’ या प्रश्नाचे आजचे उत्तर आकार घेत होते. त्या उत्तरात प्रत्येक कॉलसाठी एक नोंद स्टॅकवर चढते. तिच्यात परतीचा पत्ता असतो आणि बोलावणाऱ्याच्या नोंदीकडे जाणारा दुवा असतो. पवईच्या आयआयटीतले प्रा. डी. एम. ढमढेरे यांचे ‘सिस्टम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टम्स’ हे पाठ्यपुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्यांना हा दुवा आकृतीसह आठवत असेल. ट्रेसबॅक म्हणजे याच दुव्यांवरून उलट चालत जाणे.

पण पुराव्याची शिस्त स्टॅकवाचूनही पाळता येते, याचे उत्तम उदाहरण आयबीएमच्या सिस्टम/३६० चे आहे. १९६४ साली जाहीर झालेल्या या यंत्राला हार्डवेअरचा स्टॅक नव्हता. तिथे एक करार होता: प्रत्येक प्रोग्रामने अठरा शब्दांची एक जागा राखून ठेवायची, बोलावल्या जाणाऱ्याने बोलावणाऱ्याची रजिस्टरे त्या जागेत उतरवायची आणि आपली जागा मागच्या जागेला जोडायची. तेरावे रजिस्टर त्या साखळीचे टोक दाखवी. प्रोग्राम कोसळला की मेमरीचे छापील गठ्ठे पुढ्यात घेऊन, ही साखळी बोटाने धरत, माणसे चुकीच्या मुळाशी जात. फोरट्रानचे जी आणि एच कंपायलर तर पुढे जाऊन चूक झाल्यावर ‘ट्रेसबॅक’ असे शीर्षक घालून कोणता उपकार्यक्रम कोणत्या विधानावरून बोलावला गेला याचा तक्ताच छापत. पवईच्या आयआयटीत सत्तरच्या दशकात आलेला सोव्हिएत ईसी-१०३० हा संगणक सिस्टम/३६० शी जुळणाऱ्या मालिकेतला होता, त्यामुळे ही परंपरा महाराष्ट्रालाही परकी नाही. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. साखळी जोडण्याचा खर्च प्रत्येक कॉलला, चूक होवो न होवो, सोसावा लागत होता, आणि मेमरी सोन्याच्या भावाने मिळणाऱ्या त्या काळात तो सोसला गेला. पुरावा ही सुबत्तेच्या काळात सुचलेली कल्पना नव्हे.

साठच्याच दशकात दुसरी वाटही रुजली. अल्गोल ६० मध्ये फंक्शनला एखादे लेबल हाती देता येई, आणि आत खोलवर काही बिनसले की तिथून थेट त्या लेबलवर उडी मारता येई. मधल्या सगळ्या कॉलच्या नोंदी त्या उडीसरशी नाहीशा होत. स्टॅक उलगडण्याचे हे एक आरंभीचे रूप; त्यात आवराआवर होती, पुरावा मात्र नव्हता. जिथे पोचलो तिथे ‘काहीतरी चुकले’ एवढेच कळे. याच्या उलट निवड पीएल/१ या भाषेने केली. तिथे चूक उद्भवली की तिच्यासाठी नेमलेला कोड चूक झालेल्या जागेच्याच वर, स्टॅक जसाच्या तसा शाबूत असताना चालू होई. नेमणूक करताना ‘स्नॅप’ हा शब्द जोडला तर चालू असलेल्या सगळ्या कॉलची यादी छापून मिळे. कोणत्या प्रोसीजरमध्ये घडले ते विचारायलाही भाषेतच सोय होती. पीएल/१ चे चूक-हाताळणीचे नियम गुंतागुंतीचे होते आणि त्यावर झालेली टीका रास्तच होती. तरी पुरावा आधी हे तत्त्व भाषेच्या व्याख्येत आणण्याचे श्रेय तिला द्यावे लागते.

पुढच्या दशकात वाद वेगळ्याच मुद्द्यावर रंगला आणि त्यात हे तत्त्व झाकले गेले. जॉन गुडइनफ यांनी १९७५ साली एक्सेप्शनवर, म्हणजे प्रोग्राम चालताना उठणाऱ्या अशा चुकांवर, लिहिलेल्या पायाभूत निबंधात, चूक सांभाळल्यावर मूळ जागी परत जाऊन काम पुढे चालवावे की ते काम तिथेच संपवावे, या दोन्ही शक्यता मांडल्या होत्या. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या मेसा भाषेने परत जाण्याची मुभा दिली. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू भाषेने ती नाकारली. ब्यार्न स्त्रौस्त्रुप सी++ साठी नियम ठरवत होते तेव्हा १९९१ च्या बैठकीत मेसावर काम केलेल्या जिम मिचेल यांनी मेसा आणि तिच्या पुढच्या सीडर या अवताराचा अनुभव सांगितला: दहा वर्षे वापरलेल्या, पाच लाख ओळींच्या प्रणालीत परत जाण्याचा शेवटी एकच वापर उरला होता, आणि तोही काढता आला. या साक्षीने वाद मिटला. माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप इथूनच येतो: स्टॅक शाबूत ठेवणाऱ्या पद्धती अनुभवाच्या कसोटीवर हरल्या, मग त्यांची बाजू आता कशाला घ्यायची? उत्तर असे की हरली ती परत जाण्याची मुभा. स्टॅक शाबूत असताना त्याच्याकडे एकदा पाहून घेणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्याविरुद्ध त्या दहा वर्षांत कोणताच पुरावा आला नव्हता. दोन गोष्टी एकाच नावाखाली चर्चिल्या गेल्या, त्यामुळे एक नाकारताना दुसरीकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

सी++ मध्ये याची किंमत दिसते. १९९८ च्या प्रमाण सी++ मध्ये स्टॅक उलगडताना प्रत्येक वस्तूची आवराआवर काटेकोरपणे होते. ती त्या भाषेची मोठी कमाई आहे. पण पकडलेल्या एक्सेप्शनबरोबर तो कोणत्या वाटेने आला याचा पुरावा नसतो. कॉलची वाट दाखवणारी सोय भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात आली ती २०२३ च्या आवृत्तीत, आणि तीही जिथे विचारावे तिथलाच स्टॅक दाखवते. एक्सेप्शन पकडल्यावर विचारले तर फेकल्याची वाट तोवर पुसली गेलेली असते. विशेष म्हणजे भाषेने न दिलेली गोष्ट यंत्रणेने अर्धी दिली होती. इटॅनियम प्रोसेसरसाठी ठरलेल्या आणि पुढे लिनक्सवर सर्वत्र पसरलेल्या करारात उलगडणे दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत चूक सांभाळणारा कोणी हँडलर आहे का, एवढे काही न पुसता पाहिले जाते. सापडला तरच दुसरी फेरी सुरू होते. कोणीच नसेल तर प्रोग्राम स्टॅक शाबूत ठेवूनच संपतो आणि डिबगरला चुकीची जागा जशीच्या तशी मिळते. त्या करारातच म्हटले आहे की सी++ च्या अर्थासाठी दोन फेऱ्या अनिवार्य नाहीत. तरी त्या ठेवल्या गेल्या, कारण आधी पाहणे आणि मग पुसणे याचे मोल यंत्रणा बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

जावाने १९९६ सालीच निराळा मार्ग धरला. एक्सेप्शनची वस्तू तयार होते त्याच क्षणी तिच्यात स्टॅकची प्रत उतरते. मग उलगडण्यात काहीही पुसले गेले तरी प्रत हाती राहते. पायथॉनने तिसरा मार्ग घेतला: स्टॅक उलगडत असताना प्रत्येक फ्रेम, म्हणजे एका कॉलची नोंद, ओलांडताना तिची नोंद मागे जोडत जायचे. तिन्ही मार्गांत पुरावा आणि आवराआवर यांची सांगड वेगवेगळी आहे, पण पुरावा नंतर कधीतरी गोळा करू असे कोणीच म्हणत नाही. या दोन भाषांनाही एक उणीव भरून काढावी लागली. चूक सांभाळता सांभाळता दुसरी चूक झाली, तर पहिलीचा माग हरवत असे. जावाने २००२ च्या १.४ आवृत्तीत एका एक्सेप्शनला त्याच्या कारणाशी जोडण्याची सोय दिली. पायथॉनने २००८ च्या ३.० आवृत्तीत मूळ चूक आणि तिचा ट्रेसबॅक नव्या चुकीला आपोआप बांधला. २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून तर ओळीतल्या नेमक्या कोणत्या भागाशी चूक झाली तेही खाली खूण करून दाखवले जाते. प्रवास सगळा एकाच दिशेने आहे: पुरावा वाढत गेला आहे.

पुराव्याने अपघात टळत नाही, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे आणि त्याला एरियान ५ या युरोपीय रॉकेटचे उदाहरण देता येते. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत ते रॉकेट नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसेना, एक्सेप्शन उठले, ते सांभाळणारे कोणी नव्हते. जादा म्हणून ठेवलेल्या जोडीच्या यंत्रणेतही तोच प्रोग्राम होता, म्हणून तीही त्याच कारणाने बंद पडली. त्याहून वाईट म्हणजे बंद पडताना पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली. म्हणजे पुरावा चुकीच्या हाती गेला तर तोही घात करतो. पण त्याच यंत्रणेत आणखी एक नियम होता: बंद पडण्याआधी चुकीचा संदर्भ कायमस्वरूपी मेमरीत लिहून ठेवायचा. ती मेमरी अवशेषांतून मिळाली, वाचली गेली, आणि झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने दीड महिन्यात नेमके कारण सांगणारा अहवाल दिला. एक्सेप्शन आल्यास प्रोसेसर बंद करण्याचा निर्णय चुकला. आधी लिहून ठेवण्याचा निर्णय चुकला नाही. पुराव्याकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच की तोच अपघात दुसऱ्यांदा होऊ नये.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार. जावाच्या हॉटस्पॉट या रनटाइमने २००४ पासून वारंवार उठणाऱ्या काही अंगभूत एक्सेप्शनांचा ट्रेसबॅक वेगासाठी गाळायला सुरुवात केली. ज्यांना तो हवा त्यांच्यासाठी ही काटकसर बंद करण्याचा स्विचही दिला. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर कंपायलरांनी एक रजिस्टर वाचवण्यासाठी फ्रेमा जोडणारा दुवाच काढून टाकला, आणि उलगडण्याची माहिती वेगळ्या तक्त्यांत ठेवली. वेग वाढला, पण चालत्या प्रणालीत वेळ कुठे जातो हे शोधणाऱ्यांना स्टॅक वाचणे अवघड झाले. लिनक्सच्या गाभ्यात जॉश पॉइमबोउफ यांनी २०१७ साली ओआरसी नावाची साधी, खात्रीची तक्ता-पद्धत आणली: थोडी मेमरी द्या, वेग गमावू नका, वाटही हरवू नका. फेडोरा वितरणाने दुवे परत आणण्याचा प्रस्ताव आधी नाकारला, मग पुनर्विचार करून २०२३ च्या ३८ व्या आवृत्तीत स्वीकारला. पायथॉनचा वेग जास्त घसरला तेव्हा तेवढ्यापुरता अपवाद केला. २०२४ साली उबुंटूनेही तोच मार्ग धरला. खर्चाचा आक्षेप इथे प्रत्यक्ष मोजमापासह तपासला गेला, आणि ज्यांच्यावर हजारो यंत्रे चालवण्याची जबाबदारी होती त्यांनी पुराव्यासाठी थोडा वेग मोजून दिला. वेग कशात गेला हे कळले तरच तो परत मिळवता येतो, हा त्यामागचा हिशोब होता.

चौथा आक्षेप विचार करायला लावणारा आहे: स्टॅक मुळात ‘कुठून आलो’ हे सांगत नाही, ‘परत कुठे जायचे’ एवढेच सांगतो. चुकीची किंमत दहा मिनिटांपूर्वी एका फंक्शनने लिहिली आणि ते फंक्शन केव्हाच संपले असेल, तर ट्रेसबॅकमध्ये त्याचे नाव असणार नाही. स्कीमसारख्या भाषांत फंक्शनच्या अखेरच्या कॉलसाठी नवी नोंद चढतच नाही, आणि त्या भाषांचे पाठीराखे म्हणतात की परत जाण्याची गरज नसलेल्या जागा लक्षात का ठेवायच्या? पायथॉनचे जनक ग्वीडो व्हान रॉसम यांनी २००९ साली ही सुधारणा नाकारताना पहिले कारण दिले ते हेच, की तिने ट्रेसबॅक बिघडतो. माझा कौल त्यांच्या बाजूने आहे, पण आक्षेपातले सत्य मान्य करूनच. ट्रेसबॅक हा निकाल नाही; तपासाची पहिली नोंद आहे. ती अपुरी असते म्हणून टाकून द्यायची नसते, तिच्यावरून पुढे जायचे असते. गो भाषेने चुका साध्या मूल्यांसारख्या हातोहात वर पोचवण्याची पद्धत घेतली, त्यातही प्रत्येक पायरीवर माणसाने आपला संदर्भ जोडावा अशी रीत रुजली. म्हणजे रनटाइमने न ठेवलेला हिशोब माणसाच्या माथी आला. हिशोबाची गरज काही टळली नाही.

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपुरता नाही, म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेतला विद्यार्थी, सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारा असो की घरीच मोबाइलवर पायथॉन शिकणारा असो, त्याच्या शेजारी अनुभवी सहकारी बसलेला नसतो. चूक झाली की त्याच्याशी बोलणारे एकच कोणी असते, ते म्हणजे पडद्यावर उमटलेला ट्रेसबॅक. त्यातला संदेश इंग्रजीत असतो. पण फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि फंक्शनांची क्रमवार नावे वाचायला इंग्रजीवर प्रभुत्व लागत नाही. पायथॉन ३ मध्ये फंक्शनला ‘व्याज_काढा’ असे देवनागरी नाव देता येते आणि चूक झाली तर ट्रेसबॅकमध्ये ते तसेच छापले जाते. इतके बोलके साधन हाती असताना अनेक वर्गांत ट्रेसबॅक म्हणजे लाल अक्षरांतली नाचक्की, ती झाकायची कशी, एवढेच मुलांना कळते. मग सगळ्या चुका पकडून काहीच न करणाऱ्या दोन ओळी लिहिल्या जातात, पडदा स्वच्छ होतो, आणि प्रोग्राम चुकीची उत्तरे शांतपणे देत राहतो. भाषा घडवणाऱ्यांनी साठ वर्षे खपून जमवलेला पुरावा अशा दोन ओळींत फेकला जातो.

ट्रेसबॅक सर्वांना दाखवू नये, त्यातून आतल्या फायलींची नावे आणि रचना बाहेर पडते, असे सुरक्षेची काळजी करणारे सांगतात, आणि ते बरोबर सांगतात. बँकेच्या ग्राहकाला तो दिसता कामा नये. पण ग्राहकापासून लपवणे वेगळे आणि नोंदच न ठेवणे वेगळे. एरियानच्या अपघातानेही तेच शिकवले: पुरावा योग्य जागी लिहावा, योग्य माणसाने वाचावा. या सगळ्या इतिहासातून शिकवणाऱ्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठी निघणारा नियम मला साधा वाटतो. चूक पकडायची असेल तर ती सांभाळता येत असेल तिथेच पकडावी; सांभाळता येत नसेल तर वर जाऊ द्यावी; आणि पकडलीच तर तिची वाट आधी लॉगमध्ये उतरवावी, फायली आणि लॉक मग मोकळे करावेत. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच ट्रेसबॅक खालून वर कसा वाचायचा याचा एक तास ठेवावा आणि परीक्षेत त्यावर प्रश्न विचारावा. सिस्टम/३६० च्या प्रोग्रामरांनी प्रत्येक प्रोग्राममागे अठरा शब्दांची मेमरी देऊन जी शिस्त पाळली, ती आज आपल्याला जवळजवळ फुकट मिळते. ती न वापरण्याला आता खर्चाचे कारण उरलेले नाही.